वैशाखातले पाणी आणि नव्या शेतातली बाग

१ जुलै १९९८ रोजी अकोल्यापासून वेगळा झालेला वाशीम जिल्हा अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या पूर्वेकडील पठारावर वसला आहे आणि या पठाराच्या माथ्यावरून पावसाच्या पाण्याची दोन दिशांना वाटणी होते. काटेपूर्णा उत्तरेकडे वाहत जाऊन पूर्णेला आणि तिच्या मार्गे तापीला मिळते. अडाण आणि अरुणावती यांचे पाणी पैनगंगेत आणि पुढे गोदावरीच्या खोऱ्यात जाते. नद्या येथे उगम पावतात, पण मोठ्या होतात त्या जिल्ह्याची हद्द ओलांडल्यावर. वर्षाकाठी साधारण ८०० ते ९०० मिलिमीटर पाऊस पडत असला तरी त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येतो आणि उताराने निघून जातो, त्यामुळे पावसाळ्यात चिखलाने अडलेले शेत मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगांनी उललेले असते. वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा आणि मानोरा या सहाही तालुक्यांत नव्याने फळबाग आणि भाजीपाला उभा करू पाहणाऱ्या कुटुंबाचे यश किंवा अपयश या एका वस्तुस्थितीवर फार मोठ्या प्रमाणात अवलंबून असते.

नवे छोटे शेत येथे बहुधा दोन वाटांनी हाती येते. एक वाट भावाभावांतल्या वाटणीची आणि दुसरी नोकरी-व्यवसायातून साठवलेल्या पैशातून केलेल्या खरेदीची. शासनाच्या व्याख्येप्रमाणे एक हेक्टरपर्यंत जमीन असलेला शेतकरी अत्यल्पभूधारक आणि एक ते दोन हेक्टर जमीन असलेला अल्पभूधारक मानला जातो. एक हेक्टर म्हणजे सुमारे अडीच एकर किंवा शंभर गुंठे. वाटणीत जमिनीबरोबर विहिरीचीही वाटणी होते, आणि तिच्यातला हिस्सा अजूनही आण्यांत सांगितला जातो. चार आणे हिस्सा म्हणजे चौथा वाटा, आणि चौथा वाटा म्हणजे व्यवहारात दर चौथ्या दिवशी येणारी मोटार चालवण्याची पाळी. खरेदीच्या वेळी जमिनीचा भाव, रस्ता आणि सातबारा यांची कसून चौकशी होते, परंतु विहिरीतला हिस्सा नेमका किती, त्याची नोंद सातबाऱ्यावर आहे की नाही आणि त्या विहिरीला मे महिन्यात किती तास पाणी टिकते, हे प्रश्न पुष्कळदा बाग लावून झाल्यावर विचारले जातात. ते खरेदीखत होण्यापूर्वीच विचारले पाहिजेत.

नव्या शेतावर किती झाडे लावावीत, याचे उत्तर सामान्यतः क्षेत्रफळावरून काढले जाते: एकरात इतकी झाडे बसतात, म्हणून इतकी कलमे आणावीत. वाशीमसारख्या पठारी जिल्ह्यात हा हिशेब उलटा मांडावा लागतो. वैशाखाच्या अखेरीस शेतात हमखास किती पाणी उरते हे आधी ठरवावे, त्या पाण्यावर पूर्ण वाढलेली किती झाडे जगतील ते काढावे आणि तेवढ्याच झाडांची बाग धरावी, मग ती अर्ध्या एकरात बसो की दहा गुंठ्यांत. उरलेल्या क्षेत्रात सोयाबीन, तूर, हरभरा ही ओळखीची पिके निःसंकोच चालू ठेवावीत. फळझाड हे वीस-पंचवीस वर्षांचे पीक असल्याने ज्या वर्षी पाऊस दगा देतो ते वर्ष त्याच्या आयुष्यात येणारच, आणि तीन आठवड्यांची पाणीटंचाई आठ वर्षांची मेहनत वाळवून टाकू शकते. संत्र्याच्या आगरात, म्हणजे वरुड-मोर्शी भागात, भूजल खोल गेल्यावर बागा वाळल्या आणि त्या तोडण्याची वेळ शेतकऱ्यांवर आली, हे विदर्भाने पाहिलेले आहे.

हा हिशेब आकड्यांत मांडला की अधिक स्पष्ट होतो. नागपुरी संत्रा सहा मीटर बाय सहा मीटर अंतरावर लावला तर वीस गुंठ्यांत साधारण ५५ झाडे बसतात. पहिल्या उन्हाळ्यात ठिबक संचातून प्रत्येक रोपाला दिवसाला दहा लिटरच्या आसपास पाणी लागते, म्हणजे सगळ्या बागेला दिवसाचे साडेपाचशे लिटर, जे एखाद्या टाकीतही मावते. तेच झाड दहा वर्षांचे झाल्यावर मे महिन्यात दिवसाला शंभर ते दीडशे लिटर पाणी मागते. सरासरी १२० लिटर धरले तरी ५५ झाडांना रोज ६,६०० लिटर लागतात, आणि विहिरीची पाळी चौथ्या दिवशी येत असेल तर त्या एका पाळीत सुमारे साडेसव्वीस हजार लिटर उपसावे लागतात. पहिली तीन-चार वर्षे पाणी मुबलक वाटते ते झाडे लहान असतात म्हणून, आणि त्या दिलाशावर बाग दुप्पट करण्याचा मोह होतो. बहुतेक बागांचे गणित याच टप्प्यावर चुकते.

शेततळे हा त्यावरचा चांगला उपाय आहे, पण लहान शेतावर त्याचीही किंमत जमिनीत मोजावी लागते. वीस मीटर लांब, वीस मीटर रुंद आणि तीन मीटर खोल तळ्याच्या बाजूंना योग्य उतार दिला तर त्यात सुमारे पावणेनऊ लाख लिटर पाणी मावते आणि त्याचे तोंडच चार गुंठे जमीन व्यापते; काठावरचा भराव वेगळा. फेब्रुवारी ते मे या काळात उघड्या तळ्यातून सुमारे एक मीटर उंचीचे पाणी वाफ होऊन उडते, आणि तळे वरच्या बाजूला रुंद असल्याने हा एक मीटर म्हणजे एकूण साठ्याचा तिसऱ्या हिश्श्याहून मोठा भाग ठरतो. अस्तराचा कागद न टाकलेल्या तळ्यात मुरमातून पाझरून जाणारे पाणी आणखी निराळे. म्हणजे हाती उरतात पाच लाख लिटर, आणि वर सांगितलेल्या ५५ संत्र्यांची पूर्ण वाढीनंतरची चार महिन्यांची गरज तेवढ्यात जेमतेम भागते किंवा थोडी कमीच पडते. त्यामुळे विहीर आणि तळे या दोहोंचा विचार एकत्रच करावा लागतो. विहिरीला पाणी असते तेव्हा ते आधी वापरावे आणि तळ्यातले शेवटच्या दीड महिन्यासाठी राखून ठेवावे, हा क्रम पाळला तर लहानसे तळेही बागेला तारून नेते.

पाण्यानंतर मातीचा विचार येतो, आणि या जिल्ह्यात एका गावाच्या शिवारातही माती दर हाकेवर बदलते. पैनगंगेच्या काठाने रिसोड-वाशीमकडे खोल काळी जमीन आहे, तर पठाराच्या उतारांवर, विशेषतः मालेगाव, मंगरुळपीर आणि मानोरा तालुक्यांच्या डोंगराळ भागात, पातळ मातीची, मुरमाड जमीन लागते, जिला वऱ्हाडात बरड म्हणतात. पृष्ठभागावर काळी दिसणारी माती खाली किती खोल आहे, हे वरून कळत नाही. त्यासाठी उन्हाळ्यात शेताच्या वरच्या, मधल्या आणि खालच्या भागात मिळून किमान तीन ठिकाणी एक मीटर लांब, रुंद आणि खोल खड्डा घेऊन त्याची उभी भिंत नीट पाहावी. वर भुसभुशीत काळा थर, त्याखाली ओलसर, चिकट आणि फोडल्यावर चकचकीत कडा दाखवणारा घट्ट थर आणि मग कच्चा मुरूम, अशी रचना साधारणपणे आढळते. या भिंतीत पांढुरके खडे ठिपक्यांसारखे दिसू लागले की ती चुनखडी समजावी. चुनखडीचे प्रमाण दहा टक्क्यांच्या पुढे गेले तर संत्र्याच्या मुळांना लोह घेता येत नाही आणि शिरा हिरव्या राहून बाकीचे पान पिवळे पडते; अशा ठिकाणी कितीही खत घातले तरी झाड रोगटच राहते. खड्ड्यात पाणी भरून दुसऱ्या दिवशी ते पाहावे, आणि चोवीस तासांनंतरही पाणी तसेच साचलेले असेल तर त्या जागेचा निचरा संत्र्याच्या उपयोगाचा नाही असे मानावे. मातीचा नमुना धान्यपिकांसाठी वरच्या थरातून घेतला तरी चालतो, पण फळझाडांसाठी तो पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या फुटातून वेगवेगळा घ्यावा लागतो, कारण झाडाचे आयुष्य खालच्याच थरांत जायचे असते. रिसोड तालुक्यातील करडा येथील कृषी विज्ञान केंद्र आणि अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ ही माती परीक्षणाचा आणि फळझाडांच्या निवडीचा सल्ला घेण्याची या जिल्ह्याला जवळची ठिकाणे आहेत.

खोल काळी जमीन म्हणजे उत्तम जमीन, ही समजूत कापसाच्या दृष्टीने खरी असली तरी फळझाडांच्या दृष्टीने अर्धीच खरी आहे. काळ्या मातीतील चिकणमातीचे कण पाणी पिऊन फुगतात आणि वाळल्यावर आकसतात. भर पावसात ते फुगले की मातीतल्या हवेच्या पोकळ्या बंद होतात आणि मुळांना श्वास घेता येत नाही. उन्हाळ्यात ते आकसले की भेगा पडतात आणि त्या भेगांत बारीक, पाणी शोषणारी मुळे तुटतात. पावसात गुदमरलेल्या मुळांवर फायटोप्थोरा ही बुरशी हल्ला करते. तिच्यामुळे मुळे कुजतात आणि बुंध्याची साल फाटून डिंक वाहू लागतो, ज्याला शेतकरी डिंक्या म्हणतात. त्यावर सर्वांत खात्रीचा उपाय लागवडीच्या आधी करावयाचा असतो आणि तो म्हणजे उतार पाहून उंच गादीवाफ्यावर झाडे लावणे आणि दोन ओळींच्या मधे पाणी काढून नेणारा चर खणणे. भारी जमिनीत घेतलेला खोल खड्डा मऊ मातीने आणि शेणखताने भरला तर आजूबाजूच्या घट्ट मातीमुळे तो खड्डा पाण्याने भरलेल्या टाक्यासारखा होतो, म्हणून खड्ड्याची भर जमिनीच्या पातळीपेक्षा वीत-दीड वीत उंच घ्यावी. ती पुढे बसतेच.

कोणते झाड लावावे, या प्रश्नाचे उत्तर खड्ड्याच्या भिंतीवरच बऱ्याच अंशी लिहिलेले असते. मंगरुळपीर आणि कारंजा तालुक्यांत संत्र्याच्या बागा स्थिरावल्या आहेत आणि २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या नागपुरी संत्र्याचे आकर्षण नव्या शेतकऱ्याला वाटणे स्वाभाविक आहे. परंतु एक ते दीड मीटर खोल, निचऱ्याची, खाली कच्चा मुरूम असलेली जमीन आणि मे महिन्याचे पाणी या दोन्ही गोष्टी असतील तरच हे झाड घ्यावे, कारण त्याला पहिले उत्पन्न यायला पाच ते सहा वर्षे लागतात आणि तोवरचा खर्च परत मिळवण्याची दुसरी संधी लहान शेतकऱ्याला नसते. तशीच जमीन पण पाणी थोडे कमी असेल तर कागदी लिंबू अधिक सोशीक ठरते. अकोल्याच्या विद्यापीठाने विकसित केलेला चक्रधर हा वाण विदर्भाच्या हवामानातलाच आहे, आणि लिंबाचा हस्त बहर, म्हणजे पावसाळ्याच्या अखेरीस फुलणारा बहर, उन्हाळ्यात लिंबाला भाव असतो तेव्हा बाजारात येतो.

बरड जमिनीबद्दल उगाच खंत केली जाते. सीताफळ, आवळा आणि बोर ही झाडे हलक्या, मुरमाड जमिनीत आणि थोड्या पाण्यावर तग धरतात. सीताफळाची पाने तर शेळ्याही खात नाहीत, आणि उन्हाळ्यात पानगळ होऊन झाड विश्रांती घेत असल्याने ज्या महिन्यांत विहीर तळाला जाते त्याच महिन्यांत त्याची पाण्याची मागणी सर्वांत कमी असते. बाळानगर हा सीताफळाचा जुना आणि भरवशाचा वाण चार ते पाच मीटर अंतरावर लावता येतो आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षापासून फळ देऊ लागतो. आवळ्याचे मात्र एकाच वाणाचे झाड लावू नये, कारण दुसऱ्या वाणाचे पराग मिळाल्याशिवाय त्याला फळ नीट धरत नाही. कृष्णा, कांचन आणि एनए-७ यांपैकी किमान दोन वाण मिसळून लावावेत. वाशीमच्या पठारावर संत्र्याइतकाच मान सीताफळाला मिळायला हवा, आणि एक एकराच्या मालकासाठी तर तेच अधिक शहाणपणाचे झाड आहे. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, केशर आंब्याची पाच-सहा कलमे, एखादी चिंच, जांभूळ आणि घराजवळ दोन शेवगे लावले तर घरच्या गरजेचे फळ जागा न अडवता मिळते.

रोप विकत घेताना घाई झाली की तिचे परिणाम सहा वर्षांनी दिसतात, म्हणून परवानाधारक रोपवाटिकेतूनच कलमे घ्यावीत आणि पावती जपून ठेवावी. संत्र्याचे रोप रंगपूर लिंबू किंवा जंबेरी यांच्या खुंटावर डोळा बांधून तयार केलेले असते. खुंट म्हणजे मुळांचा भाग पुरवणारे दुसऱ्या जातीचे रोप, आणि डोळा म्हणजे हव्या त्या वाणाच्या फांदीवरची कळी, जी सालीत चीर देऊन बसवली जाते. हा डोळा जमिनीपासून २५ ते ३० सेंटिमीटर उंचीवर बांधलेला असावा. त्याहून खाली बांधलेल्या रोपाचा सांधा मातीच्या आणि ओलीच्या संपर्कात येतो आणि डिंक्याला वाट मोकळी होते, म्हणून स्वस्तात मिळत असले तरी असे रोप परत करावे. खड्डे एप्रिल-मेमध्ये खणून उन्हात तापू द्यावेत, तळाशी पालापाचोळा टाकून पोयट्याची माती, कुजलेले शेणखत, सुपर फॉस्फेट, निंबोळी पेंड आणि ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी यांच्या मिश्रणाने भरावेत आणि दोन-तीन चांगले पाऊस होऊन भर खाली बसल्यावर जुलैमध्ये लागवड करावी. पिशवी ब्लेडने उभी कापून मातीचा गोळा न फोडता काढावी, तळाशी वेटोळे झालेली मुळे कापून टाकावीत आणि गोळ्याचा वरचा भाग जमिनीशी समपातळीत ठेवून भोवतीची माती पायाने न तुडवता हाताने दाबावी. सांधा उघडा राहिला पाहिजे. वाऱ्याच्या बाजूला काठी रोवून सैल गाठीने रोप बांधावे. पुढे सांध्याखाली खुंटाला येणारी फूट दर पंधरा दिवसांनी काढावी, अन्यथा संत्र्याचे कलम मरून जंबेरीचेच झाड वाढते आणि ते लक्षात येईपर्यंत दोन वर्षे निघून जातात. पावसाळ्यापूर्वी आणि नंतर बुंध्याला बोर्डो पेस्ट लावावी. ती एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना आणि दहा लिटर पाणी यांपासून घरीच करता येते, मात्र मोरचूद आणि चुना वेगवेगळ्या प्लास्टिकच्या भांड्यांत भिजवून मग एकत्र करावे लागतात.

झाडे लावल्यापासून फळे हाती येईपर्यंतच्या मोकळ्या वर्षांत कुटुंबाला तारतो तो भाजीपाला, आणि म्हणूनच नव्या शेतावर भाजीचे वाफे फळझाडांच्या आधी तयार व्हावेत. वऱ्हाडात भाजीसाठी स्वतंत्र तुकडा राखण्याची गरज पूर्वी फारशी पडत नसे. ज्वारी आणि कपाशीच्या तासांमधून घरातल्या बाया अंबाडी, चवळी, गवार, भेंडी, वाळूक आणि कारल्याचे बी टोचत असत आणि निंदणीला गेलेली बाई ओटीभर भाजी घेऊनच परत येत असे. शिवाय घोळ, चिवळ, तरोटा या न पेरलेल्या भाज्या पावसाळ्याची सोय करीत. सोयाबीनने ज्वारीची जागा घेतली आणि त्याच्याबरोबर तणनाशक आले, तेव्हा ही सगळी भाजी तण ठरून नाहीशी झाली. आज सोयाबीनचे पोते विकून आलेल्या पैशातून आठवडी बाजारात अंबाडीची जुडी विकत घेणारी शेतकरी कुटुंबे जिल्ह्यात गावोगाव आहेत, आणि या नुकसानीची नोंद कोणत्याही पीकविम्यात होत नाही. नव्या शेताच्या मालकाने हे जाणून भाजीसाठी असा तुकडा निवडावा जेथे अलीकडे तणनाशकाची फवारणी झालेली नाही, कारण काही तणनाशकांचा अंश मातीत महिनोन्महिने टिकतो आणि कोवळ्या भाजीला तो सोसत नाही.

घरासाठी किती जागा पुरते याचाही अंदाज बांधता येतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या आहारविषयक शिफारशीप्रमाणे प्रौढ माणसाने दिवसाला सुमारे ४०० ग्रॅम भाज्या खाव्यात. पाच माणसांच्या घराला त्या हिशेबाने रोज दोन किलो आणि वर्षाला सातशे किलोंहून थोडी अधिक भाजी लागते. एका गुंठ्यातून एका हंगामात शंभर ते दोनशे किलो भाजी मिळू शकते, त्यामुळे आलटूनपालटून दोन हंगाम घेतलेले तीन गुंठे घरापुरते पुरेसे होतात आणि आणखी पाच-सात गुंठे बाजारासाठी ठेवले तर दर आठवड्याला रोख पैसा येत राहतो. हा तुकडा विहिरीजवळ आणि जाण्यायेण्याच्या वाटेवर असावा, कारण जी भाजी रोज डोळ्यांसमोर असते तिच्यावरची कीड वेळेवर दिसते. पावसाळ्यात भेंडी, गवार, चवळी, दोडका आणि कारली; हिवाळ्यात मेथी, पालक, सांबार, मुळा, वांगी, टोमॅटो आणि कोबी; उन्हाळ्यात पाणी असेल तेवढ्याच वाफ्यांत काकडी आणि चवळी, असा क्रम या हवेला मानवतो. सांबार म्हणजे वऱ्हाडात कोथिंबीर, आणि तिला हिवाळ्यात नसला तरी मे-जूनमध्ये चढा भाव मिळत असल्याने हिरव्या जाळीच्या सावलीत घेतलेले तिचे दोन वाफेही फायद्याचे ठरतात. कांद्यासाठी अकोला सफेद हा अकोल्याच्या विद्यापीठाचा पांढरा वाण आहे. वांगी, टोमॅटो आणि मिरची एकाच कुळातली असल्याने ती एकामागून एक त्याच वाफ्यात घेऊ नयेत, आणि संत्र्याच्या ओळींमधे तर ती टाळावीतच, कारण फायटोप्थोरा त्यांच्यावरही पोसली जाते. संत्र्याच्या मधल्या पट्ट्यात पहिली चार वर्षे मूग, उडीद, सोयाबीन, हरभरा, मेथी अशी बुटकी पिके घ्यावीत. तूर आणि ज्वारी उंच वाढून रोपांचे ऊन अडवतात.

हिंगोली-वसमत भागातून रिसोड आणि वाशीमकडे पसरलेली हळद विरळ सावली सोसते आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये निघून जात असल्याने ऐन उन्हाळ्यात झाडांच्या पाण्यात वाटेकरी होत नाही, ही तिची जमेची बाजू आहे. मात्र ती पावसाळ्यात आणि हिवाळ्यात भरपूर पाणी मागते आणि तिलाही निचरा लागतो, म्हणून गादीवाफ्याशिवाय ती घेऊ नये.

कुंपणाचा खर्च नव्या शेताच्या अंदाजपत्रकात सहसा शेवटी धरला जातो, पण कारंजा-सोहोळच्या काळवीट अभयारण्याच्या आसपासच नव्हे तर जवळजवळ सगळ्या जिल्ह्यात रोही, हरणे आणि रानडुकरे यांचा वावर पाहता तो सुरुवातीलाच धरावा लागतो. रोही म्हणजे नीलगाय कोवळे शेंडे खाते आणि अंग घासून खोड मोडते. रानडुक्कर ठिबकच्या नळ्या पाण्यासाठी फोडते आणि हळद-कांदा उकरते. बाभळीच्या काट्यांची वई दर वर्षी नवी करावी लागते, म्हणून तारेच्या कुंपणालगत करवंद आणि सागरगोटा यांची दाट जिवंत रांग लावावी, जी चार वर्षांत काम करू लागते आणि करवंदे देते ती वेगळीच. पश्चिम आणि दक्षिण बाजूला शेवरी किंवा गिरिपुष्प यांची ओळ लावली तर उन्हाळ्याच्या झळा अडतात आणि त्यांचा पाला आच्छादनाला येतो. झाडाच्या आळ्यात अशा पाल्याचा किंवा सोयाबीनच्या कुटाराचा चार बोटे थर दिला की ओल टिकते आणि भेगा कमी पडतात. सोयाबीनचे कुटार काढणीनंतर जाळून टाकणे म्हणजे उन्हाळ्यातले पाणी जाळण्यासारखेच आहे. गारपिटीपुढे मात्र कोणतेच कुंपण चालत नाही. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधील गारपिटीने विदर्भ-मराठवाड्यातल्या बागा झोडपल्या, तेव्हा ज्यांच्या शेतात एकच पीक होते त्यांचे सगळे गेले. मिश्र लागवडीचा आग्रह धरण्यामागे हे एक मोठे कारण आहे.

शासकीय योजनांचा आधार या कामाला बराच मोठा आहे. महाराष्ट्राने १९९० मध्ये रोजगार हमी योजनेला फळबाग लागवडीची जोड दिली आणि कोरडवाहू भागात फळझाडे पसरण्यात त्या निर्णयाचा वाटा मोठा आहे. आज त्याच धर्तीवर ५ गुंठ्यांपासून २ हेक्टरपर्यंत लागवडीला मजुरीसह अनुदान मिळते. त्यात जे बसत नाहीत त्यांच्यासाठी २०१८ मध्ये भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजना सुरू झाली, जिचे अनुदान तीन वर्षांत ५०, ३० आणि २० टक्के अशा हप्त्यांनी दिले जाते. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाच्या पहिल्या टप्प्यातील १५ जिल्ह्यांत वाशीमचा समावेश होता. फळबागेच्या अनुदानाचे हप्ते झाडे जगल्याची पाहणी झाल्यावर मिळतात हे ध्यानात ठेवून अनुदानाच्या आकड्यावरून झाडांची संख्या वाढवू नये. अनुदान तीन वर्षे असते आणि झाड त्यानंतर वीस वर्षे पाणी मागते.

बाग फळाला आली की बहर धरण्याचा प्रश्न येतो आणि तेथेही पाणीच निर्णय करते. संत्र्याला वर्षातून दोन मुख्य बहर येतात: जानेवारी-फेब्रुवारीत फुलणारा आंबिया, ज्याची फळे दिवाळीच्या आगेमागे निघतात, आणि जून-जुलैत फुलणारा मृग, ज्याची फळे पुढच्या फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये येतात. झाडाला काही आठवडे पाणी तोडून विश्रांती देतात त्याला ताण म्हणतात, आणि ताण सुटून पाणी मिळाले की झाड फुलते. आंबिया बहराची फळे सगळा उन्हाळा झाडावर असतात, त्यामुळे त्याला भर मे महिन्यात अखंड पाणी हवे. मृगासाठी उन्हाळ्यातच ताण द्यायचा असल्याने पाणी कमी लागते, पण पाऊस लांबला की बहर हुकतो. दोन्ही बहर एकाच झाडावर धरू नयेत आणि सहाव्या वर्षापूर्वी भरगच्च फळ घेऊ नये. उभी बाग फुलोऱ्यातच व्यापाऱ्याला गुत्त्याने देण्याची रीत विदर्भात रूढ आहे आणि शेकडो झाडांच्या मालकाला ती सोयीची असते. पण पन्नास झाडांच्या बागेसाठी व्यापारी दर पाडूनच मागतो. अशा वेळी संत्री, लिंबू, सीताफळ आणि भाजी एकत्र क्रेटमध्ये भरून वाशीम, रिसोड किंवा कारंज्याच्या बाजारात स्वतः नेणाऱ्या कुटुंबाला सहा वर्षांत भाजीच्या निमित्ताने जोडलेली गिऱ्हाइके असतात, आणि तीच पहिल्या वर्षीच्या संत्र्यांचीही गिऱ्हाइके होतात.